पाण्याला विचारून उतरणाऱ्या शेवंताबाई

पिपरडोहच्या तलावाच्या पाळीवर गेल्या महिन्यात एक फलक उभा राहिला. फलक हिरवा आहे, अक्षरे पांढरी आहेत आणि शुद्धलेखनाच्या चुका मोजण्याच्या पलीकडे नाहीत. या तलावावरून कायमचा गेला असे ज्याच्याविषयी सर्वांनी मान्य केले होते, तो सारस पक्षी येथे पुन्हा कसा नांदू लागला, याची हकिगत त्यावर दिली आहे. त्यासाठी झटलेल्या अधिकाऱ्यांची नावे हुद्द्यांसह आहेत. शेवंताबाई पचारे हे नाव त्यात नाही. मी रीतसर अर्ज केला. उत्तर आले, 'सदर व्यक्तीची प्रकल्पाच्या आस्थापनेवर नोंद आढळून येत नाही.' मी अपील केले. तेच उत्तर पुन्हा आले, या वेळी सही अधिक मोठ्या माणसाची होती.

वर्ध्याच्या कचेऱ्यांत माझा हस्ताक्षरावरून तिरस्कार करणारी पुष्कळ माणसे आहेत. दिवाणी न्यायालयाच्या नोकरीत जन्म घालवल्यावर मला एक गोष्ट पक्की समजली होती: जे कागदावर नाही ते झालेच नाही, असे धरून कारभार चालतो. शेवंताबाई मागच्या पौषात गेल्या. तेव्हा हा कागद.

त्या ढीवर समाजाच्या. नवऱ्याच्या मागे तलावात मासे धरणे आणि शिंगाड्याची वेल लावणे, यावर त्यांनी तीन मुलींची लग्ने केली. उंची बेताची, पाय मात्र सागाच्या खुंटासारखे. चिखलात पाय रोवून त्या उभ्या राहिल्या की पाण्यावर तरंग उमटत नसे. लुगडे गुडघ्यावर खोचलेले, कपाळावर पैशाएवढे कुंकवाच्या जागेचे हिरवे गोंदण, आणि आवाज असा की तलावाच्या या काठावरून त्यांनी हाक मारली तर पलीकडच्या काठची म्हैससुद्धा मान वर करी. आठवड्यातून दोनदा त्या शिंगाड्यांची पाटी घेऊन एसटीने वर्ध्याच्या बाजारात जात. तेथे त्यांच्या शेजारी बसायला इतर विक्रेत्या तयार नसत. त्यांचे गिऱ्हाईक शेवंताबाईंच्या आवाजाबरोबर वाहून जाई.

मी त्यांना प्रथम पाहिले ते तलावाच्या पाळीवर बैठकीसाठी घातलेल्या मंडपात. तलावातली बेशरमीची झुडपे काढा, पाणी उपसणाऱ्या बेकायदा मोटारी बंद करा, अशी पत्रे मी वर्षानुवर्षे लिहीत आलो होतो. सारस परत आणण्याचे ठरले तेव्हा मला गप्प करण्याचा स्वस्त मार्ग म्हणून मला तलाव समितीचा चिटणीस नेमण्यात आले. पहिल्या बैठकीत एका तरुण अभियंत्याने नकाशा टांगला आणि पश्चिमेच्या कोपऱ्यावर लाल वर्तुळ काढले. सारसांचे घरटे येथे व्हावे, असे शासनाचे मत होते.

"तिथं नाई बसत ते," मंडपाच्या कडेने आवाज आला. शेवंताबाई खुर्ची रिकामी असूनही पाटीशेजारी जमिनीवर बसल्या होत्या.

"का नाही बसणार, बाई?"

"तिथं तुमी उतरले तं टोपी तेवढी वर राहीन."

लोक हसले. अभियंत्याने पाणीपातळीच्या पट्टीचा आधार घेतला. पट्टी गुडघाभर पाणी दाखवत होती. शेवंताबाईंनी वाद घातला नाही. त्या उठल्या, पाळ उतरल्या, वाकून बोटांनी पाण्याला स्पर्श केला आणि पुटपुटल्या, "येऊ का माय?" मग आत शिरल्या. ही त्यांच्या घराची रीत होती. पाण्यात पहिले पाऊल टाकण्यापूर्वी तलावाला विचारायचे. लग्न होऊन आल्या त्या दिवशी सासूने शिकवले आणि तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता. अंगठी घालून दहा वर्षे झाली की ती बोटात आहे हे आपण विसरतो, तसे ते शब्द त्यांच्या तोंडात होते.

पूर्वेच्या उथळ खाडीत जाऊन त्या थांबल्या आणि तेथून ओरडल्या, "हे पाहा. पिंढरीभर. माहं लगन झालं तवा इथंच घरटं होतं. सासू म्हणे, तिकडून फिरून जाजो, त्याईचं चालू हाय."

मी इतिवृत्तात लिहिले, 'घरट्यास योग्य खोली : पिंढरीभर.' अध्यक्षस्थानी असलेल्या साहेबांनी हरकत घेतली की पिंढरी हे माप नव्हे. मी म्हणालो, कोणाची पिंढरी हे नमूद केले की ते माप होते.

"माही लिवा," शेवंताबाई पाण्यातूनच म्हणाल्या. "माही पिंढरी कुठी जात नाई."

इतिवृत्त तसेच मंजूर झाले. माझ्या कारकिर्दीत मंजूर झालेल्या दस्तऐवजांपैकी याचा मला विशेष अभिमान आहे. त्या दिवसापासून त्या मला 'कोर्टभाऊ' म्हणू लागल्या.

प्रकल्पाच्या प्रमुख केतकी मॅडम पशुवैद्य होत्या, सांगलीकडच्या, कामाला कठोर आणि बोलायला मऊ. पूर्वेकडच्या जिल्ह्यांतल्या धानाच्या बांध्यांत पुराने मोडलेल्या घरट्यांतून त्यांनी सारसाची अंडी आणली होती आणि उबवणीच्या पेटीत तीन पिल्ले निघाली होती. आता ती माणसांच्या हातून वाढवायची, पण माणसाची ओळख होऊ न देता. कारण ज्या सारसाला माणूस आपला वाटतो तो माणसाच्या अंगणात जातो. तेथे कुत्री असतात, तारा असतात आणि माणसे असतात. म्हणून पिल्लांजवळ जाणाऱ्याने डोक्यापासून पायापर्यंत राखाडी झगा घालायचा, तोंडावर जाळी घ्यायची, उजव्या हातात सारसाचे कापडी डोके चढवून त्या चोचीने घास भरवायचा. आणि शब्द उच्चारायचा नाही. एकही.

या कामासाठी मॅडमनी शेवंताबाईंना निवडले तेव्हा गावाला आठवडाभर हसू पुरले. तलावाच्या काठावरचा सर्वांत मोठा आवाज त्यांनी मौनासाठी नेमला होता. मॅडमचे म्हणणे वेगळे होते. त्यांना तरंग न उठवणारे पाय हवे होते.

कापडी डोके पाहताक्षणी शेवंताबाईंनी ते परत केले. "याचा डोया मेल्या म्हशीवानी हाय. सारसाचा डोया केशरी रायते." डोळे पुन्हा रंगवून घेतले गेले. पिल्लांच्या पायांत लाल, हिरवे आणि पिवळे कडे होते. शाळेतली मुले नावे सुचवून गेली. मॅडमनाही मोह झाला. शेवंताबाईंनी नकार दिला. "नाव ठेवलं का हाक मारा लागते," त्या म्हणाल्या. "अन् हाक मारली का ते येते. आपल्याले तं याले जायले शिकवाचं हाय."

पहाटे त्या झगा चढवून जाळीच्या कुंपणातल्या पाण्यात शिरत आणि तीन पिल्ले त्यांच्यामागून रांगेने निघत. कापडी चोच चिखलात खुपसून कंद कसा उपटायचा, गोगलगाय कशी फोडायची, बेडकाला मागून कसे धरायचे, हे त्या दाखवत. हे पाठ कोणी त्यांना शिकवले नव्हते. लग्नाच्या वयात पाहिलेल्या त्या जोडप्याचे त्यांनी पाठांतर केले होते. मी गुरुवारी नोंदवही लिहायला जाई आणि आडोशाच्या तट्ट्यातून पाही. दोन तास शब्द नाही, खोकला नाही. मग झगा उतरवून त्या माझ्यापुढे मांडी घालून बसत आणि दोन तासांचे बोलणे एका दमात पुरे करीत. विहीण, जावई, शिंगाड्याचा भाव, सरपंचाची नवी मिशी. मध्ये बोलण्याची मला मुभा नव्हती. "तुमी लिवता ना, मंग आयका," असा त्यांचा कायदा होता.

पिवळ्या कड्याचे पिल्लू इतर दोघांपेक्षा अशक्त निघाले होते. पहिल्या पंधरवड्यात ते झग्याच्या घोळाला चिकटून असे. त्या कधी तसे बोलल्या नाहीत, परंतु बेडूक सापडला की कापडी चोच कोणाकडे वळते, हे तट्ट्यातून दिसत असे.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी मी पोहोचलो तेव्हा त्या आधीच आडोशापाशी बसल्या होत्या. झगा घडी करून बाजूला ठेवला होता.

"कोर्टभाऊ, वही काढा."

"काय झाले?"

"माह्या तोंडून गेलं."

आदल्या दिवशी त्यांना सुट्टी होती. नेहमीच्या लुगड्यात त्या शिंगाडे काढायला कुंपणाच्या पलीकडून पाण्यात उतरल्या होत्या. वाकल्या, बोटे बुडवली, तलावाला विचारले. आणि जाळीच्या आतून पिवळ्या कड्याचे पिल्लू पाणी उडवत धावत आले आणि जाळीला छाती लावून उभे राहिले. त्यांनी ते माणसाच्या उघड्या चेहऱ्याने प्रथमच पाहिले.

"म्हणजे झग्यात असतानाही तुम्ही रोज…"

"रोजच असन. मले काय मालूम? श्वास घेतल्याची कोणी याद ठेवते का?"

मी वही उघडली नाही. प्रकल्पाच्या कार्यपद्धतीचे टाचण मीच केले होते. नवव्या परिच्छेदाची सुरुवात मला तोंडपाठ होती. मानवी आवाजास प्रतिसाद देणारे पिल्लू मुक्त करू नये, ते कायम पिंजऱ्यात ठेवावे. मी विचारले, आणि या प्रश्नाची मला आजही लाज वाटते, "आणखी कोणी ऐकले आहे का?"

"पिल्लानं आयकलं ना," शेवंताबाई म्हणाल्या.

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली.

"तुमी साऱ्या जगाचं लिवून राह्यले," त्या म्हणाल्या. "कोण चुकलं, कोणं पाणी चोरलं. आता माहं लिवा. नाई लिवलं अन् ते उद्या कोणाच्या दारात जाऊन मेलं, तं मी कोणाले सांगू?"

मी लिहिले. त्यांनी अंगठा न देता सही केली. तीन अक्षरे, दुसरे उलटे.

मॅडमनी चाचणी घेतली. लाल आणि हिरव्या कड्याच्या पिल्लांनी त्या शब्दांवर मान वळवली आणि पुन्हा चिखलात घातली. पिवळे मात्र धावत आले. आठ दिवसांत वरिष्ठ कार्यालयाचे पत्र आले की सदर पिल्लू तात्काळ बंदिस्त केंद्रात हलवावे. पत्रात नवव्या परिच्छेदाचा हवाला होता. मी तो परिच्छेद पुन्हा काढून वाचला. त्यात दोन वाक्ये होती आणि ज्याने हे पत्र तयार केले त्याने पहिल्यावरच वाचन थांबवले होते. दुसरे वाक्य होते, 'प्रतिसाद एकाच शब्दसमूहापुरता असल्यास पंधरा दिवसांनी फेरचाचणी घ्यावी.' त्या संध्याकाळी मी जे पत्र लिहिले त्याची भाषा येथे देत नाही. फेरचाचणी मंजूर झाली. कायद्याने मला मिळवता आले ते पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत काय करायचे, हे कोणत्याही परिच्छेदात नव्हते.

"माणसाले भ्यायले कसं शिकवाचं याले?" शेवंताबाईंनी विचारले.

मॅडमनी सांगितले. तो आवाज आला की त्रास होतो, हे त्याला कळले पाहिजे. धावून जायचे, डबा बडवायचा, इजा होणार नाही अशा बेताने ओल्या मातीचे ढेकूळ मारायचे. हे काम वनरक्षकाकडून करून घेता येईल, असेही त्या म्हणाल्या.

"शब्द माहा हाय," शेवंताबाई म्हणाल्या. "मीच करीन."

त्याच दिवशी राखाडी झगा मॅडमच्या अंगावर गेला. पिल्लांना आई तीच राहिली. फक्त आतली बाई बदलली. दुसऱ्या दिवशी पहाटे शेवंताबाई आपल्या लुगड्यात, आपल्या चेहऱ्याने कुंपणात उतरल्या. विचारले, "येऊ का माय?" पिल्लू धावत आले. त्यांनी हातातला पत्र्याचा डबा बडवला आणि बाजारातला तो आवाज त्याच्यावर सोडला. ते थबकले, दोन पावले मागे सरले आणि पुन्हा पुढे आले. त्यांनी ढेकूळ उचलले. पहिले त्याच्या पुढ्यात पडले. ते त्याने चोचीने उकरून पाहिले, आत काही खायला आहे का म्हणून.

दुसरे त्याच्या छातीवर लागले.

रोज सकाळी हेच. मी त्या पंधरवड्यात गुरुवारांची वाट पाहिली नाही, जमेल तेव्हा पहिली बस धरली. चौथ्या दिवशी त्या बाहेर आल्या, लुगड्याचा पदर पिळला आणि माझ्यापुढे येऊन बसल्या. मी ऐकण्याच्या तयारीत राहिलो. विहीण नाही, सरपंच नाही. मग त्या म्हणाल्या, "तीन पोरी सासरी धाडल्या. कोणाले ढेकूळ मारून नाई धाडलं."

मी म्हणालो, उद्या नाही गेलात तरी चालेल. पंधरा दिवसांतला एक दिवस वगळल्याने नियमभंग होत नाही.

"तुमचा नेम तुमच्यापाशी ठेवा," त्या म्हणाल्या. "ते उद्या सकाळी वाट पाहीन."

फेरचाचणीला वरिष्ठ साहेब जातीने आले. आम्ही तिघे तट्ट्यामागे होतो. साहेब, मी, आणि झगा उतरवून आलेल्या मॅडम. हाती डबा नाही, ढेकूळ नाही, असे ठरले होते. शब्द नेहमीच्या सुरात उच्चारायचे, असेही मीच नियमात शोधून काढले होते आणि त्याचा मला त्या क्षणी पश्चात्ताप होत होता. थोडे दरडावून बोलल्या असत्या तरी आमच्यापैकी कोणाला कळले नसते. शेवंताबाई वाकल्या. बोटे बुडवली. आणि पन्नास वर्षे जसे विचारले तसेच, मऊ, अर्धे तोंडातल्या तोंडात, विचारले, "येऊ का माय?"

पिवळ्या कड्याच्या पिल्लाने चिखलातून चोच काढली. आता ते पिल्लू राहिले नव्हते. माझ्या खांद्याला लागेल एवढे झाले होते. मान ताठ झाली. त्याने त्यांच्या दिशेने एक पाऊल टाकले.

साहेबांनी पेन उघडले. मॅडमनी माझा दंड धरला.

मग तो वळला. पंख पसरून, पाणी फाडत, तो पार पलीकडच्या जाळीपर्यंत धावत गेला आणि तेथून कर्कश ओरडला. बाकीचे दोन त्याच्यामागे पळाले.

"काय लिहायचे?" साहेबांनी मला विचारले.

मी लिहिले, 'आवाज ऐकताच पक्षी भयाने दूर गेला.' शेवंताबाई काठावर आल्या आणि त्यांनी विचारले, मंजूर झालं का. मी झाले म्हणालो. त्यांनी मान हलवली, शिंगाड्यांची पाटी उचलली आणि साडेअकराची बस गाठली. त्या दिवशी बाजारात त्यांचा माल विकला गेला नाही, असे मला नंतर कळले. त्यांनी आरोळीच दिली नव्हती.

पक्षी सोडले त्या समारंभाला त्या आल्या नाहीत. आपण दिसलो तर ते बिथरतील, हे कारण त्यांनी दिले आणि ते खरेही होते. पूर्वेच्या खाडीतली शिंगाड्याची वेल, म्हणजे त्यांची सर्वांत चांगली जागा, त्यांनी त्याच हंगामात सोडली. समितीने तसे सांगितले नव्हते. त्यांना कोणी नुकसानभरपाईही देऊ केली नाही; त्याविषयीचा माझा पत्रव्यवहार अद्याप प्रलंबित आहे.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते गेल्या वर्षीच्या थंडीत, आणि तलावावर नव्हे, रस्त्यालगतच्या सोयाबीन काढून झालेल्या रानात. पिवळ्या कड्याच्या सारसाने हिरव्याशी जोडी जमवली होती आणि दोघे त्या दिवशी रानात सांडलेले दाणे वेचत होते. रस्त्यावर मोटारसायकली थांबल्या होत्या. दहा-पंधरा माणसे मोबाइल धरून बांध ओलांडून आत गेली होती. एकाने मुरमुऱ्यांचा पुडा फोडून मुठीत धरला होता आणि तो वाकून, चुचकारत पुढे सरकत होता. बाकीचे त्याला दबक्या आवाजात शाबासकी देत होते. हिरव्या कड्याची मादी मागे हटली. पिवळा मान वाकडी करून त्या मुठीकडे पाहत होता. पळत नव्हता.

मी बसमधून उतरत होतो. मला ओरडायचे होते, पण माझा आवाज कागदावरचा आहे.

तेवढ्यात गावाकडच्या वाटेने त्या आल्या. पाटी त्यांनी बांधावरच टाकली असावी, कारण शिंगाडे बांधाभर सांडले होते. लुगडे खोचलेले, हातात ढेकूळ, आणि तो आवाज. मुरमुरेवाल्याच्या हातून पुडा गळाला. पहिले ढेकूळ पिवळ्याच्या पायाशी फुटले. जोडी धावू लागली, जड पंख दोनदा, तीनदा आपटले आणि दोघे जमिनीवरून सुटले.

"ए म्हातारे, डोकं फिरलं का तुह्यं?" कोणीतरी खेकसले. "सारस हाय तो. सरकारी पक्षी हाय."

त्यांनी दुसरे ढेकूळ उचलले. एक तरुण माझ्याकडे आला. माझ्या हातातली फाइल पाहून त्याने मला कोणी अधिकारी समजले असावे. या बाईवर कोणते कलम लागते, असे त्याने विचारले. कलम मला ठाऊक होते. मी सांगितले नाही.

जोडी तलावाच्या दिशेने वळली होती. शेवंताबाई काढलेल्या सोयाबीनच्या खुंटांतून, अनवाणी, त्यांच्यामागे अजूनही धावत होत्या, आणि दुसरे ढेकूळ त्यांनी वर, मोकळ्या आभाळात फेकले.